बिनकामाची खिडकी

११ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. फोनवर बोललेलं फायलीला लागत नाही असं तू म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. बाबा म्हणाले, पत्र लिहिण्याएवढं काय घडलंय? तर घडलंय. मला खिडकी मिळाली.

नीट सांगतो. सार्वजनिक धोरण संस्थेत शिकवायला लागून मला दोन वर्षं होतील. येत्या फेब्रुवारीत समिती बसेल आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवेल. नुसतं शिकवून भागत नाही, संशोधन लागतं. आमच्या संचालकबाईंनी ते काढून दिलं. आणि गंमत अशी की ते तुझ्याच महापालिकेत आहे. तू जिथे चौतीस वर्षं काढलीस, तिथेच.

महापालिकेच्या सात खऱ्या तक्रार केंद्रांपैकी एक प्रभाग सातमध्ये आहे. टोकन देणारं यंत्र, चार संगणक, सात माणसं. प्रभाग बारामध्ये आम्ही दुसरं उघडलंय. तिथे फक्त मी आहे. मी तक्रार ऐकायची, वहीत लिहायची, शिक्का मारून पावती द्यायची आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावायचं. तक्रार पुढे कुठेच जात नाही. माणसाला समाधान कशाने मिळतं, काम होण्याने की कोणीतरी ऐकून घेण्याने, हे मोजायचं आहे.

मी लोकांना काय बोलायचं यावर नीतिमत्ता समितीच्या तीन बैठका झाल्या. मी 'बघतो' सुचवलं होतं. त्याने आशा निर्माण होते म्हणून ते काढलं. 'कळवतो' हे सरळ खोटंच. 'बरं' म्हणण्यावर एका सदस्याने हरकत घेतली, की सुरावर अवलंबून आहे. शेवटी दोन शब्द मंजूर झाले: 'नोंद झाली.' याहून एक अक्षर जास्त बोलायचं नाही.

जागा म्हणजे बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. माझ्या पाठीमागे भिंतभर धबधबा रंगवलाय. काही लोक आधी केस नीट करतात आणि मग तक्रार सांगतात.

तुझा,
ठोंब्या


२० सप्टेंबर

ठोंब्या,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. तक्रार घ्यायची आणि कपाटात ठेवायची, हे करणारे माझ्या हाताखाली तिघे होते. त्यांना कोणी संशोधक म्हटलं नाही. एकाची तर मी बदली केली. तुमच्या संस्थेने जरा आधी विचारलं असतं, तर मी तयार माणसं दिली असती.

पण तू मन लावून कर. कायम होणं महत्त्वाचं. तुझ्या वडिलांना वाटतं तू अजून शिकतोच आहेस.

माझं इथे लेकीकडे बरं चाललंय. कशालाच हात लावू देत नाहीत. निवृत्त माणसाला लोक दिवसातून एकच प्रश्न विचारतात, चहा घेणार का. दुपार सरता सरत नाही. म्हणून एक सांगते, तुझ्याकडे येणाऱ्या तक्रारी मला सविस्तर लिहीत जा. वाचायला विरंगुळा होईल. पण मोघम नको. गल्ली कुठली, दिव्याच्या खांबाचा नंबर काय, कधीपासून बंद, आधी कोणाला सांगितलं होतं, काय उत्तर मिळालं, असं लिही. वर्णन चांगलं असलं की वाचताना डोळ्यांपुढे उभं राहतं.

तुझी आत्या


४ ऑक्टोबर

आत्या,

तुझी दुपार सरत नाही हे वाचून वाईट वाटलं. तक्रारी सविस्तर लिहितो. नावं मात्र लिहिता येणार नाहीत, गुप्ततेचा नियम आहे. धंद्यावरून ओळख.

पहिली, शिंपीणबाई. पाण्याच्या टाकीमागच्या तिसऱ्या गल्लीत दुकान. समोरचा खांब क्रमांक एकशे चौदा, दिवा मेपासून बंद. दोनदा सांगून झालं, दोन्ही वेळा 'दिवा आणायला माणूस गेलाय' असं उत्तर मिळालं. बाई म्हणाल्या, "तो माणूस आता दिवा घेऊनच निवृत्त होणार बहुतेक." मी म्हणालो, "नोंद झाली."

दुसरे, घड्याळवाले. चौकात महापालिकेने बाक बसवलं, पण तोंड भिंतीकडे. बसलेल्या माणसाचं नाक भिंतीपासून वीतभर. घड्याळवाले रोज संध्याकाळी तिथे बसतात. "भिंत आता तोंडपाठ झाली," म्हणाले. नोंद झाली.

तिसरे, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांच्या घरापुढे गतिरोधक मंजूर झाला होता. तो बांधला, पण फाटकाच्या आत. रस्त्यावर गाड्या सुसाट जातात आणि मास्तर स्वतःच्या अंगणात अडखळतात. ते अर्धा तास बोलले, शेवटी धबधब्याकडे बघून म्हणाले, "इथे बसलं की बरं वाटतं." हे मी वहीत समाधानाच्या रकान्यात लिहिलं.

वर्गात हे सगळं शिकवतोही आहे. मुलं मन लावून ऐकतात. एका मुलीने विचारलं, "सर, पण दिव्याचं पुढे काय झालं?" मी तिला समजावलं की तो आपला संशोधनाचा प्रश्न नाही.

तुझा,
ठोंब्या


११ ऑक्टोबर

ठोंब्या,

पत्र छान. गतिरोधक फाटकाच्या आत किती फूट आहे? मास्तरांचा घर क्रमांक? बाक चार बोल्टांचं आहे की सिमेंटमध्ये पुरलेलं, जरा जाऊन बघ आणि लिही. म्हातारपणी असल्या गोष्टी मनात घोळत राहतात, झोप लागत नाही.

ती मुलगी हुशार दिसते.

आत्या


९ नोव्हेंबर

आत्या,

मागच्या पत्रांत तुला लांबी, रुंदी, बोल्ट सगळं कळवलं. आता बस आणि वाच.

खांब क्रमांक एकशे चौदाचा दिवा लागला. घड्याळवाल्यांचं बाक फिरलं. आता त्यांना चौक दिसतो, आणि भिंतच बरी होती असं ते म्हणतात. मास्तरांचा गतिरोधक अंगणातून उपटून रस्त्यावर नेला. बेकरीवाल्यापुढचा मातीचा ढीग नऊ वर्षांनी गेला. मी यातलं काहीही केलेलं नाही. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

आम्ही मोजणी केली. प्रभाग सातच्या खऱ्या केंद्रात शंभर तक्रारींपैकी नऊ सुटल्या. माझ्या बिनकामाच्या खिडकीवर शंभरातल्या एकाहत्तर. संचालकबाईंनी आकडे तीनदा तपासून घेतले आणि मग मला बसायला खुर्ची दिली. आजवर त्या मला उभ्याने भेटायच्या.

याचा अर्थ लावायला मला पंधरा दिवस लागले, पण लागला. माणसाचं म्हणणं कोणी मध्ये न तोडता ऐकलं की त्याच्या मनातली असहायता जाते. मग तो आणि आजूबाजूचे लोक आपणहून प्रश्न सोडवतात. याला मी 'निष्क्रिय निवारणाचा सिद्धांत' म्हणतो. शासनाने काही केलं नाही तर जास्त होतं, फक्त ते काहीतरी करतंय असं दिसलं पाहिजे.

आमचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना मुलं 'सरासरी' म्हणतात, ते तेवढे कुरकुरले. "दिवा आपणहून लागत नाही हो," म्हणाले. मी म्हटलं, आकडे बघा. त्यावर ते गप्प बसले. आकड्यांपुढे ते नेहमीच गप्प बसतात.

डिसेंबरात आयुक्तांपुढे हे मांडायचं आहे. तुझ्यासारख्या जुन्या माणसाला नवल वाटेल, की चौतीस वर्षं फायली हलवून जे झालं नाही ते न हलवता झालं. राग मानू नकोस.

ठोंब्या


१८ नोव्हेंबर

ठोंब्या,

राग मानला नाही. थोडा मानला होता, पण जेवल्यावर गेला.

एक विचारते. ते बाक चार बोल्टांचं, तूच लिहिलंस. बोल्ट गंजलेले, हेही तूच. मग घड्याळवाल्यांच्या मनातली असहायता गेल्यावर त्यांनी बोल्ट कशाने काढले? आणि तो गतिरोधक मास्तरांनी एकट्याने उचलला की पेटी वाजवणाऱ्या शिष्यांना बोलावलं? हे शोधून काढ. शोधल्याशिवाय आयुक्तांपुढे जाऊ नकोस. मोठ्या साहेबांना एखादी गोष्ट पटली की ते ती करतात, हाच त्यातला धोका असतो.

पुढचे पाच-सहा आठवडे माझ्याकडून पत्र येणार नाही. घरात रंगकाम काढलंय, लिहायला जागा नाही. तू मात्र लिहीत राहा.

आत्या


१० डिसेंबर

आत्या,

एवढं कसलं रंगकाम?

तुझे प्रश्न मी घड्याळवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "तुम्हीच केलंत ना साहेब? वर विनय बघा." मी त्याची नोंद 'लाभार्थींचा गैरसमज' अशी केली. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं.

परवा आयुक्तांपुढे मांडणी झाली. ते तासभर हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हणजे माणसं कमी, खर्च कमी, काम जास्त." त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, एक मार्चपासून शहरातली सातही खरी केंद्रं बंद आणि शहरभर चाळीस बिनकामाच्या खिडक्या सुरू. पाट्या रंगवायला दिल्या. मागे धबधबा हवा का, हेही त्यांनी विचारलं. संचालकबाईंनी सांगितलं, सिद्धांतात बसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही हसत होतो, पण एक गोष्ट मी दडवली होती. ती कोणाला सांगितलेली नाही, तुला सांगतो. पंचवीस नोव्हेंबरपासून माझ्या खिडकीवरची एकही तक्रार सुटलेली नाही. एकसुद्धा नाही. तीच खुर्ची, तोच शिक्का, मी तितकंच मन लावून ऐकतो. कदाचित जास्तच. दिवे बंद पडतात ते बंदच राहतात. सरासरींनी आलेख काढून माझ्या टेबलावर ठेवला. रेघ सरळ जाते आणि एकदम कड्यावरून उडी मारावी तशी खाली पडते. वर त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'या दिवशी काय थांबलं?'

मला काही सुचत नाही. तू दोन ओळी तरी लिही.

ठोंब्या


२९ डिसेंबर

आत्या,

आता मला सगळं कळलेलं आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे तुला नाही म्हणायला जागा राहणार नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी शिंपीणबाई आल्या. दुकानाच्या पायरीपुढच्या गटाराचं झाकण गेलं होतं. मी म्हणालो, "नोंद झाली."

त्या म्हणाल्या, "मंगळवारी झाली, शुक्रवारी झाली. नोंद आता भरपूर झाली, साहेब. माझ्या सासूबाईंना दिसत नाही. रोज दुपारी त्या काठी घेऊन त्याच पायरीवरून फिरायला निघतात. मी किती दिवस मशीन सोडून धावू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघतो."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. चार महिन्यांत त्यांनी माझा तिसरा शब्द ऐकला होता. मी खिडकी बंद केली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

खड्डा बघितला. माणूस सबंध जाईल एवढा. काय करावं ते कळेना, म्हणून मी त्याच्या काठावर दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो. धोरणाचा माणूस आहे मी, आत्या, मला दुसरं काय येतं? बारापासून चारपर्यंत उभा होतो. घड्याळवाले येऊन वेळ सांगून गेले. मास्तर येऊन उभे राहिले आणि मी पडलो तर कोणत्या खात्याकडे जायचं ते विचारून गेले. अडीचच्या सुमाराला सासूबाई निघाल्या. काठी माझ्या नडगीवर लागली. त्यांनी दोनदा ठोकून बघितलं, म्हणाल्या, "हा खांब कधी लावला?" आणि वळसा घालून पुढे गेल्या.

चारला शिंपीणबाईंनी इस्त्रीचं जाड टेबल आडवं करून खड्ड्यावर टाकलं, तेव्हा मी सुटलो आणि तसाच महापालिकेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. दोन वर्षं मी या महापालिकेवर शिकवतो आहे, पण आत गेलो नव्हतो.

आवक टेबलावर हडकुळे हेडक्लार्क होते. मी प्रभाग बारा म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही मोठ्या बाईंचे भाचे का? बाई बऱ्या आहेत ना? पाच आठवडे पत्र नाही. आमचा मुकादम रोज विचारतो, कामं संपली का म्हणून."

"कसलं पत्र?"

त्यांनी एक फाईल काढली. वर तुझ्या वळणदार अक्षरांत 'प्रभाग बारा'. आत छप्पन्न पत्रं. मी चाळली. सगळी वाक्यं माझी होती. 'खांब क्रमांक एकशे चौदा, दिवा मेपासून बंद.' 'बाकाला चार बोल्ट, गंजलेले.' मास्तर अंगणात अडखळतात हेसुद्धा होतं. खाली तुझी भर: कुठलं खातं, कोणाची सही, कुठला नियम, आणि बोल्ट काढायचा पाना कुठल्या गोदामात, दारामागे, डावीकडे.

मी विचारलं, "दिवा बंद आहे हे तुम्हाला पत्राशिवाय कळत नाही का?"

"कळतं की," ते म्हणाले. "पण कळणं वेगळं आणि आवक होणं वेगळं. शिवाय लोकांची पत्रं येतात ती सगळ्यांना उद्देशून. ज्याच्या हाती पडतं तो पुढच्याकडे ढकलतो. बाईंचं पत्र ढकलायला जागाच नसते. ते बरोबर त्याच माणसाच्या नावाने येतं, आणि त्याला पहिल्या दिवशी काम त्यांनीच शिकवलेलं असतं."

मी फाईल मिटली. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग झाकणाचा अर्ज मी स्वतः लिहिला. त्यांनी तो तीनदा परत केला. "हा अर्ज नाही, निबंध आहे," म्हणाले. चौथ्यांदा पाच ओळींत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण आलं.

माझा सिद्धांत म्हणजे तू होतीस. चाळीस पाट्या रंगून तयार आहेत. सात केंद्रं बंद होणार आहेत. आणि मी जगातला पहिला प्राध्यापक आहे ज्याने आपल्या आत्याचा शोध लावून तिला निसर्गनियम ठरवलं.

मला खूप राग आला आहे. पण तू आजारी तर नाहीस ना? रंगकाम एवढं चालत नाही. आधी ते लिही.

ठोंब्या


६ जानेवारी

ठोंब्या,

अक्षर मोठं आलंय, कारण एकाच डोळ्याने लिहिते आहे. रंगकाम माझ्या डोळ्यांचं होतं. मोतीबिंदू काढला, मग जरा चिघळलं, लिहिणं-वाचणं बंद केलं. तुझी पत्रं लेकीने वाचून दाखवली. खड्ड्याचं वाचताना ती मध्येच हसायला लागली, म्हणून मी ते तिच्याकडून परत वाचून घेतलं. मला हसू आलं नाही.

आता कबुली. पहिलं पत्र मी पाठवलं ते फक्त त्या दिव्यासाठी. पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली मला ठाऊक आहे, तिथे दिवे मी स्वतः मंजूर करून घेतले होते. बंद आहे म्हटल्यावर राहवलं नाही. आठ दिवसांनी हेडक्लार्कचं उत्तर आलं, 'बाई, झालं.' ठोंब्या, त्या दिवशी मी लेकीच्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवले. मग मी थांबले नाही.

तुझं संशोधन बिघडतंय हे मला ऑक्टोबरातच कळत होतं. तू कपाटाला कुलूप लावलंस आणि वही मला लिहून पाठवलीस. मला वाटलं, तुझा आकडा चांगला आला तर तू कायम होशील, कोणाचं काय बिघडतंय. तेव्हा आयुक्त टाळ्या वाजवतील हे डोक्यात नव्हतं. अठरा नोव्हेंबरच्या पत्रात खरं सांगायला बसले होते, पण बोल्टांवर येऊन थांबले. धीर झाला नाही. तू तेवढ्यात लिहिलं होतंस की चौतीस वर्षांत झालं नाही ते झालं. मला वाटलं, राहू दे त्याला चार दिवस खूश.

चूक माझी आहे. पण निर्णय तुझ्याकडे आहे. गप्प बसलास तर कायम होशील आणि सात केंद्रं बंद पडतील. ती केंद्रं काही धड नाहीत, शंभरात नऊ म्हणजे लाजच आहे, पण त्या नऊ माणसांचं तरी होतं. मी काही सांगणार नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या फायलीवर शेरा मारला नाही.

आणि चार तास उभा राहिलास ते बरं केलंस.

आत्या


२ मार्च

आत्या,

डोळा आता कसा आहे? मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

बारा फेब्रुवारीला समिती बसली. संचालकबाई, नीतिमत्तेचे तिघे, सरासरी आणि आयुक्तांचा माणूस. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "निष्कर्ष चुकीचा आहे. ती माझी आत्या होती."

मग नीतिमत्तेवाल्यांनी विचारलं, आत्याचं संमतिपत्र घेतलं होतं का. संचालकबाई म्हणाल्या, या सिद्धांतावरचा छापलेला निबंध तेरा ठिकाणी संदर्भाला घेतला गेलाय, आता मागे कसा घ्यायचा, आत्याला 'बाह्य घटक' म्हणून तळटीपेत घालता येईल. आयुक्तांचा माणूस वेगळाच निघाला. त्याने विचारलं, "चाळीस खिडक्यांना अशा चाळीस आत्या मिळतील का?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मामी चालेल का, असाही प्रश्न आला. सरासरी म्हणाले, एका आत्यावरून सगळ्या आत्यांबद्दल बोलता येणार नाही. हे त्यांचं वाक्य इतिवृत्तात आहे.

मी म्हणालो, "तिला यातलं काही कळत होतं म्हणून झालं. आपल्यापैकी कोणाला दिवा लावून घेता येतो का?"

निकाल असा. निबंध मागे घेतला. केंद्रं बंद करण्याचा हुकूम आयुक्तांनी थांबवला, मात्र आठ दिवसांनी. तोवर दोन केंद्रांतली टोकनची यंत्रं उचलून नेली होती. गंमत म्हणजे यंत्र गेल्यावर तिथली रांग भराभर सरकायला लागली, असं सरासरींचं निरीक्षण आहे. त्यावर सिद्धांत काढायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. चाळीस पाट्या गोदामात पडल्या आहेत.

मला कायम केलं नाही. खोट्या निष्कर्षाबद्दल नाही, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मंजूर शब्दांबाहेर जाऊन 'बघतो' म्हटल्याबद्दल. आणखी एक वर्ष तात्पुरता. फेरविचाराचा अर्ज केला तेव्हा संचालकबाईंनी तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "नोंद झाली." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र पहिल्यांदा कळलं, ते खिडकीच्या त्या बाजूने कसं ऐकू येतं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे अजून शिकतोच आहेस.

खिडकी बंद झाली, पण लोक थांबले नाहीत. पावतीवर संस्थेचा पत्ता होता. शिंपीणबाई, मास्तर, बेकरीवाले वर्गाच्या मागच्या बाकांवर येऊन बसतात. संचालकबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांना वार्षिक अहवालात 'लोकसहभाग' म्हणून दाखवलं. परवा मी 'धोरण अंमलबजावणीचे टप्पे' शिकवत होतो. मास्तरांनी मागून विचारलं, "यातल्या कुठल्या टप्प्यावर नळाला पाणी येतं?" मी फळा पुसला.

या सत्राची परीक्षा मी बदलली आहे. अडतीस मुलं आहेत. प्रत्येकाने एक खरी तक्रार घ्यायची, योग्य माणसाला पत्र लिहायचं आणि काम होईपर्यंत सोडायचं नाही. मला त्यातलं एक झाकण एवढंच येतं. म्हणून मुलांची पत्रं आधी तुझ्याकडे येतील. तपासशील का? बिनपगारी आहे.

ठोंब्या


२८ एप्रिल

ठोंब्या,

दोन्ही डोळे ठीक. नवा चष्मा लागला. लेकीने जेवणाच्या टेबलाचं एक टोक मला दिलंय, त्यावर कोणी ताट ठेवायचं नाही असं बजावलंय.

अडतीस पत्रं तपासली. सव्वीस जणांनी तक्रार कुठली ते दुसऱ्या पानावर लिहिलंय. पहिल्या पानावर जगाची परिस्थिती. ती लाल शाईने परत पाठवली. एका मुलाने नळ दुरुस्त करण्याबाबत थेट पंतप्रधानांना लिहिलंय. त्याला कळव, पंतप्रधानांकडे पाना नसतो. बाकीची सुधारून घेतली, अकरा कामं झाली. शंभरात किती होतात ते सरासरींना काढायला सांग. माझ्या हिशेबाने तुझ्या एकाहत्तरपेक्षा कमी आहेत, पण ही खरी आहेत.

आता त्या मुलीविषयी, जिने तुला वर्गात दिव्याचं पुढे काय झालं ते विचारलं होतं. बेकरीवाल्याच्या गल्लीतला सार्वजनिक नळ तिने घेतला होता. तिचं पत्र माझ्याकडे आलं, मी त्यात दोन सुधारणा केल्या आणि परत पाठवणार, तेवढ्यात हेडक्लार्कचं पत्र आलं. तो नळ आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त झाला होता. तिने माझी वाट बघितली नाही. थेट महापालिकेत गेली, कोणाचं काम ते विचारत विचारत चौथ्या टेबलापर्यंत पोचली, तिथे बसून चार ओळी लिहिल्या आणि मुकादमाला बरोबर घेऊनच बाहेर पडली. हेडक्लार्कने लिहिलंय, 'बाई, आम्ही तुम्हाला ओळखतो हे तिला माहीतसुद्धा नव्हतं.'

खरं सांगते, मला ते लागलं. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. लेकीला वाटलं, डोळा दुखतोय. राग नेमका कोणाचा आलाय ते मला ठरवता येईना. चौतीस वर्षं आणि वर हे सहा महिने मी धरून चालले होते, की मी लिहिलं म्हणून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं ते चार ओळींचं पत्र हेडक्लार्ककडून मागवलं. आज आलं. सुधारायला लाल पेन उघडून बसले होते. तासभर बसले, ठोंब्या. एक काना बदलायला मिळाला नाही.

तिला पूर्ण गुण दे. आणि तिला विचार, तिला आणखी कोणाच्या नळाविषयी काही ठाऊक आहे का. मला शिकायचं आहे.

आत्या